सरखेल कान्होजी आंग्रे व त्याचें घराणें

आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जात असे. घरांतील वडील माणसांच्या बोलण्यांत आणि जुन्या कागदपत्रांत तें नांव अजूनहि आढळतें. मूळ हें नांव अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रांत उभ्या असलेल्या एका किल्ल्याचें. ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें. भरती आली म्हणजे चोहों बाजूंस पाणीच पाणी होतें. अशा एका खडकावरील किल्ल्याचें नांव सबंध जिल्ह्यास कां मिळावें, हा प्रश्न पनवेलकडील मुलांस पडणें साहजिक आहे. पनवेलजवळचें आपलें कोन गांव समुद्रापेक्षां घाटरस्त्याशींच अधिक जोडलेलें आहे. बोरघाट उतरून खोपोलीवरून येणारा रस्ता येथूनच पनवेलच्या जुन्या बंदराकडे जातो. या घाटवाटेवर नजर ठेवणारे राजमाची व लोहगड हे किल्ले आणि खालचा दर्या हे एके काळीं एकाच पुरुषाच्या हातांत आले होते. तो पुरुष म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल कान्होजी आंग्रे. कुलाबा किल्ला ही त्याची राजधानी, आणि म्हणूनच तें नांव जिल्ह्यास मिळालें.

आंग्ऱ्यांचें मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी या गांवावरून त्यांस आंग्रे म्हणूं लागले, असें सांगतात. कान्होजीचा पिता तुकोजी हा शिवाजीमहाराजांच्या चाकरींत होता. रत्नागिरी जिल्ह्यांत हर्णै बंदरासमोर समुद्रांत सुवर्णदुर्ग आहे. त्या किल्ल्याशीं तुकोजीचा संबंध होता. कान्होजीचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. शाळा-विद्यालयांचा तो काळ नव्हे. परंतु हर्णैसारख्या बंदरांत वाढणाऱ्या मुलास दर्या हाच पंतोजी असतो. भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याचें फिरणें, पाण्याखालीं दडलेले खडक आणि कोळी-भंडाऱ्यांचें नाविक कौशल्य यांचा धडा त्यास रोजच्या जीवनांत मिळतो. कान्होजीचें पुढील आयुष्य पाहिलें म्हणजे हा धडा त्यानें किती लक्षपूर्वक गिरविला असेल याची कल्पना येते.

ज्या आरमारांत कान्होजीनें नांव मिळविलें, त्याचा पाया शिवाजीमहाराजांनीं घातला होता. १६५७ मध्यें कल्याण व भिवंडी हातीं आल्यावर त्यांनीं जहाजें बांधावयास आरंभ केला. १६६४ मध्यें सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. आणि १६७९ मध्यें मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर तट चढविला. परंतु १६८० मध्यें महाराज निवर्तले. १६८९ मध्यें संभाजीमहाराजांचा वध झाला, त्याच वर्षीं रायगड मोंगलांनीं घेतला, आणि राजाराममहाराजांस दूर जिंजीस आश्रय घ्यावा लागला. कोंकणांतील किल्लेदारांस धनी राहिला नाहीं. जंजिऱ्याचा सिद्दी मोंगलांच्या पाठबळानें एकामागून एक ठाणीं घेऊं लागला.

अशा वेळीं सिद्दीनें सुवर्णदुर्गास वेढा दिला. परंपरा अशी सांगते कीं, तेथील किल्लेदार अचलोजी मोहिते याचें मन डळमळलें व तो किल्ला शत्रूच्या हवालीं करण्याच्या बेतांत होता. हें कळतांच विशीच्या आंतबाहेर असलेल्या कान्होजीनें शिबंदीस आपलेसें केलें, किल्लेदारास दूर केलें आणि पावसाळ्यापर्यंत किल्ला झुंजविला. सिद्दीस वेढा उठवावा लागला. या पराक्रमानें कान्होजीचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्या वेळीं आरमाराचा मुख्य सिधोजी गुजर हा होता. १६९८ मध्यें तो मरण पावल्यावर आरमाराची सर्व सूत्रें कान्होजीकडे आलीं आणि सरखेल हा किताब त्याच्या नांवास कायमचा जडला. वडिलांची पदवी म्हणून ती त्यास मिळाली नव्हती. ज्या वेळीं पगार द्यावयास खजिना नव्हता आणि हुकूम द्यावयास राजा जवळ नव्हता, त्या वेळीं किनारा सांभाळून त्यानें ती मिळविली होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें या घराण्याच्या भाग्याचा निकाल तिच्यावरच लागावयाचा आहे.

कान्होजीचें आरमार कसें होतें, हें समजल्यावांचून त्याच्या विजयांचें रहस्य उमगणार नाहीं. युरोपियनांचीं मोठीं जहाजें उंच, जड व खोल बुडाचीं असत. त्यांच्या तोफांशीं समोरासमोर टक्कर देणें कठीण होतें. आंग्ऱ्यांच्या आरमारांत मुख्यतः दोन जातींचीं जहाजें असत. पहिली गुराब. ती दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, सुमारें १५० ते ३०० टनांची, रुंद व उथळ बुडाची असे. तिच्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा व बाजूंस लहान तोफा असत. दुसरें गलबत. तें याहून पुष्कळ लहान, ७० टनांच्या आंतलें आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनीं चालणारें. उथळ बूड असल्यामुळें हीं जहाजें कोंकणच्या खाड्यांत सहज शिरत. पाठलाग करणारें मोठें जहाज मात्र खाडीच्या मुखाशींच अडून राही.

लढण्याची तऱ्हाहि ठरलेली असे. वारा पडला कीं शिडांवर चालणारें परकी जहाज जागच्या जागीं खिळून जाई. मग वल्ह्यांचीं गलबतें गुराबांस दोर लावून ओढीत आणि त्या जहाजाच्या पिछाडीस नेऊन उभ्या करीत, कारण पिछाडीस त्याच्या तोफा थोड्या. गुराबा प्रथम डोलकाठ्या व दोरखंड यांवर गोळे टाकीत. जहाज पांगळें झालें म्हणजे गलबतें सर्व बाजूंनीं भिडत आणि शेंकडों लोक तलवारी घेऊन वर चढत. यांत नशिबाचा भाग थोडा. वारा, पाणी व शत्रूचें वैगुण्य यांचा अभ्यास अधिक. जहाजें बांधावयास सह्याद्रीचा साग होता, आणि त्यांच्या डागडुजीसाठीं विजयदुर्गाजवळ गिर्ये येथें खडक फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी आजहि पाहावयास मिळते.

आतां एका वादाच्या मुद्द्याकडे वळूं. इंग्रज, फिरंगी व वलंदेज यांच्या लेखांत कान्होजीस बहुधा चांचा, म्हणजे समुद्रावरील लुटारू, म्हटलेलें आढळतें. हा आरोप कितपत खरा? पोर्तुगीज लोक या समुद्रांत आले तेव्हांपासून त्यांनीं असा दंडक घातला होता कीं, त्यांचा परवाना घेतल्याशिवाय कोणीहि व्यापारी जहाज हांकारूं नये. परवाना नसलेलें जहाज ते जप्त करीत. पुढें इंग्रजहि आपले परवाने देऊं लागले. कान्होजीनें तेंच केलें. कोंकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजानें सरखेलाचें दस्तक घ्यावें व जकात भरावी. दस्तक नसल्यास जहाज व माल जप्त होईल, असा त्याचा नियम होता. तेव्हां तो नियम परक्यांनीं केला तर कायदा आणि किनाऱ्याच्या धन्यानें केला तर लूट, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. कान्होजी मराठी राज्याचा नेमलेला अधिकारी होता; त्याचीं ठाणीं, त्याचा कारभार व त्याचे तह उघड उघड होते.

तथापि युद्धाचा जाच निरपराधांसहि सोसावा लागतो, हें सांगितल्याशिवाय चरित्र पुरें होत नाहीं. १७१२ मध्यें कान्होजीच्या आरमारानें मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीकडे निघालेला एक इंग्रज अधिकारी व त्याची तरुण पत्नी हीं होतीं. तो चकमकींत मारला गेला, आणि त्या विधवेस कैदेंत राहावें लागलें. पुढल्या वर्षीं मुंबईकरांशीं तह झाला तेव्हां ३०,००० रुपये घेऊन तिची मुक्तता करण्यांत आली. कान्होजीचा पक्ष न्यायाचा मानला, तरी त्या स्त्रीचें दुःख त्यानें कमी होत नाहीं.

इकडे स्वराज्यांत दुहीचा वणवा पेटला होता. १७०७ मध्यें शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले आणि महाराणी ताराबाई व त्यांच्यांत गादीविषयीं तंटा लागला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होता. १७१३ मध्यें शाहूमहाराजांनीं आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे यास त्याच्यावर धाडलें. कान्होजीनें पेशव्यासच कैद केलें, लोहगड व राजमाची घेतले आणि बोरघाटाच्या दोन्ही अंगांस आपली सत्ता बसविली. साताऱ्यावर तो चालून येतो कीं काय, अशी भीति उत्पन्न झाली. तेव्हां शाहूमहाराजांनीं बाळाजी विश्वनाथ भट यास पेशवेपद देऊन पाठविलें. बाळाजी मूळचा कोंकणांतील श्रीवर्धनचा. कान्होजीचा स्वभाव व त्याच्या अडचणी या दोहोंची त्यास माहिती होती. तो फौजेपेक्षां शब्दांवर अधिक विसंबला. १७१४ च्या आरंभीं लोणावळ्यास दोघांची भेट होऊन तह ठरला. कान्होजीनें बहिरोपंतास सोडलें व शाहूमहाराजांस धनी मानलें. त्याची सरखेली कायम झाली, आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग वगैरे १० किल्ले व १६ लहान ठाणीं त्याजकडे राहिलीं. विजयाच्या भरांत असतांहि कान्होजीनें समेट केला, हा त्याच्या शहाणपणाचा मोठा पुरावा होय. मराठ्यांनीं मराठ्यांशीं लढत राहिल्यास दर्या परक्यांचा होईल, हें तो जाणून होता.

या समेटाचें फळ लवकरच दिसून आलें. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला. त्यानें शहरास तट बांधला, लढाऊ जहाजें तयार करविलीं आणि आंग्ऱ्यांची सत्ता मोडण्याचा चंग बांधला. १७१७ मध्यें त्याच्या आरमारानें विजयदुर्गावर हल्ला केला, पण तटाच्या उंचीपुढें शिड्या अपुऱ्या पडल्या. १७१८ मध्यें खांदेरीवर स्वारी झाली. तीहि व्यर्थ गेली. १७२० मध्यें एक तरंगता तोफखाना बांधून तो विजयदुर्गापुढें नेण्यांत आला, परंतु किल्ला पडला नाहीं. अखेर १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज एक झाले. गोव्याचा व्हाइसरॉय जातीनें आला. इंग्लंडच्या राजाचें आरमार घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. चौलजवळ दोन्ही सैन्यें जमून डिसेंबरांत कुलाब्यावर चालून गेलीं. अशा प्रसंगीं शाहूमहाराजांचा पेशवा बाजीराव, म्हणजे लोणावळ्यास तह करणाऱ्या बाळाजीचा पुत्र, घोडदळ घेऊन कान्होजीच्या साहाय्यास धांवून आला. हल्ला फसला, कमोडोर मॅथ्यूज जखमी झाला आणि परकी सैन्य तोफा टाकून मागें फिरलें. पोर्तुगीजांनीं लागलीच १७२२ च्या आरंभीं मराठ्यांशीं तह केला. इंग्रज एकटे पडले. सात वर्षांपूर्वीं सामोपचारानें मिटविलेलें घरचें भांडण या वेळीं कान्होजीच्या उपयोगास आलें.

यानंतर वलंदेजांची, म्हणजे डच लोकांची, पाळी आली. १७२४ मध्यें त्यांनीं सात मोठीं जहाजें, बाँब फेकणाऱ्या दोन नौका व सैन्य घेऊन विजयदुर्गावर हल्ला केला. पण त्यांसहि हात हालवीत परत जावें लागलें. या वलंदेजांचा पूर्वेतिहास आंग्ऱ्यांच्या इतिहासाशेजारीं ठेवून वाचण्यासारखा आहे.

हॉलंड हा समुद्रसपाटीहून सखल असा चिमुकला देश. सोळाव्या शतकांत तो स्पेनच्या राजाच्या अमलाखालीं होता. त्या अमलाविरुद्ध जे लोक उठले, त्यांचा नायक ऑरेंज घराण्याचा विल्यम हा सरदार होता. जमिनीवर त्याचे वारंवार पराभव झाले. परंतु त्याच्या सनदा घेऊन समुद्रावर हिंडणाऱ्या खलाशांनीं १ एप्रिल १५७२ रोजीं ब्रिल हें बंदर जिंकलें आणि स्वातंत्र्ययुद्धास खरा जोर चढला. स्पेनच्या दृष्टीनें ते खलाशी निव्वळ चांचे होते. डच लोक मात्र आजहि त्यांस देशाचे उद्धारकर्ते मानतात. त्याच लोकांच्या वंशजांनीं दीडशें वर्षांनंतर कान्होजीस चांचा म्हणावें, हा काळाचा एक चमत्कारच होय.

१५८४ मध्यें विल्यमचा डेल्फ्ट येथें खून झाला. त्याचा पुत्र मॉरिस यानें युद्ध चालविलें. १६२५ मध्यें मॉरिस वारल्यावर त्याचा सावत्र भाऊ फ्रेडरिक हेन्री यानें तेंच काम पुढें नेलें. आणि १६४८ मध्यें स्पेनला त्या देशाचें स्वातंत्र्य मान्य करावें लागलें. विल्यमचा पणतू तिसरा विल्यम हा १६८९ मध्यें इंग्लंडचा राजा झाला, आणि १८१५ पासून नेदरलँड्सच्या सिंहासनावर याच घराण्याचे राजे व राण्या बसत आल्या आहेत. या घराण्यांतहि महत्त्वाकांक्षा व कलह होते. परंतु आरंभींच्या पुरुषांचा अधिकार प्रांतांच्या सभांनीं केलेल्या नेमणुकीवर चालत असे. त्यामुळें त्यांस भावांमध्यें देश वांटून घेण्याची सोय नव्हती.

कान्होजीच्या पश्चात् काय झालें, तें आतां पाहूं. १७२९ च्या पावसाळ्यांत, साठीच्या उंबरठ्यावर असतां तो अलिबागेस मरण पावला. त्याची समाधि तेथेंच आहे. मुंबईच्या दक्षिणेपासून विजयदुर्गापर्यंतचा दर्या त्याच्या धाकांत होता, अलिबागी रुपया चालू होता, आणि जिवंत असेपर्यंत त्याचा एकहि मुख्य जलदुर्ग कोणत्याहि युरोपियन सत्तेस घेतां आला नाहीं. त्याचा वडील पुत्र सेखोजी हा सरखेल झाला. तो कर्तबगार व मनमिळाऊ होता. पण १७३३ मध्यें तो अकालीं वारला, आणि घराण्यास जणूं दृष्ट लागली. सेखोजीचा भाऊ संभाजी व सावत्र भाऊ मानाजी यांच्यांत हाडवैर जुंपलें. एक पेशव्यांकडे धांवे, तर दुसरा परक्यांचे पाय धरी. १७३५ मध्यें बाजीरावानें मध्यें पडून वांटणी केली. संभाजीस सरखेली व दक्षिणेकडील किल्ले, मानाजीस कुलाबा व वजारतमाब हा किताब, असें ठरलें. भांडण तात्पुरतें मिटलें. परंतु जें आरमार एका हुकमानें चालत होतें त्याचीं दोन शकलें झालीं. राज्याच्या रक्षणासाठीं दिलेलें पद शेतजमिनीप्रमाणें वांटलें गेलें. बापानें कर्तृत्वानें मिळविलेली सरखेली मुलांनीं वतन मानली, आणि तेथेंच घात झाला.

संभाजीमागून तुळाजी सरखेल झाला. तो शूर होता. १७५४ मध्यें त्यानें वलंदेजांच्या जहाजांचाहि समुद्रावर पाडाव केला. पण पेशव्यांशीं त्याचें पटेना. नानासाहेब पेशव्यानें त्यास नमविण्यासाठीं मुंबईच्या इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्यें कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला. ज्या किल्ल्यावर कान्होजीच्या भाग्याचा उदय झाला होता तोच प्रथम गेला. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं समुद्रावरून आणि पेशव्यांच्या फौजेनें जमिनीवरून विजयदुर्गास घेरलें. तोफांच्या माऱ्यानें बंदरांतील जहाजांस आग लागली आणि आंग्ऱ्यांचें आरमार जळून गेलें. तुळाजी कैद झाला व अखेरपर्यंत कैदेंतच राहिला. तेच वॉटसन व क्लाइव्ह त्याच वर्षाच्या अखेरीस बंगाल्यांत गेले आणि पुढल्या वर्षीं प्लासीची लढाई झाली. १७२१ मध्यें पेशवा व सरखेल एक होते म्हणून दोन परकी सत्ता हरल्या. १७५६ मध्यें पेशवा व सरखेल वैरी होते म्हणून एकच परकी सत्ता जिंकली. यांत दोष एकट्या तुळाजीचा किंवा एकट्या पेशव्याचा मानणें बरोबर नाहीं. दोघांनींहि लोणावळ्याच्या भेटीची आठवण ठेवली नाहीं.

कुलाब्याची शाखा यापुढेंहि टिकली. मानाजीचा पुत्र रघूजी यानें शांतपणें कारभार केला. कुलाबा किल्ल्यांतील गणपतीचें सुंदर देवालय त्याच्याच वेळचें. परंतु त्याच्या मृत्यूनंतर १७९३ पासून पुनः वारसाचे तंटे उद्भवले आणि शिंद्यांच्या आश्रयानें बाबूराव आंग्रे यानें कुलाबा बळकावला. १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर हें संस्थान इंग्रजांच्या छायेखालीं आलें. दुसरा रघूजी १८३८ मध्यें वारला. त्याचा तान्हा मुलगा, ज्याचें नांवहि कान्होजीच होतें, पुढल्या वर्षीं गेला. दत्तकाची परवानगी न मिळून १८४० मध्यें संस्थान खालसा झालें. कान्होजी नांवाच्या पुरुषानें उभारलेलें राज्य कान्होजी नांवाच्या बालकाबरोबर संपलें.

राज्य गेलें, तरी त्या पुरुषाची स्मृति गेली नाहीं. स्वतंत्र भारताच्या नौदलानें मुंबईंतील आपल्या एका ठाण्यास आंग्रे हें नांव दिलें आहे. १९९८ मध्यें खांदेरीस कान्होजी आंग्रे बेट असें नांव मिळालें. आणि २०२५ मध्यें खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व लोहगड हे किल्ले इतर मराठा किल्ल्यांसमवेत जागतिक वारसा म्हणून मान्य झाले.

विद्यार्थिमित्रांनो, शौर्य या घराण्यांत कधींच उणें नव्हतें. संभाजी शूर होता, मानाजी शूर होता, तुळाजी तर त्यांहून शूर होता. कान्होजीपाशीं त्याखेरीज आणखी दोन गुण होते. जें पद मिळेल त्यास लायक होण्यासाठीं तो आधीं झटला, आणि जिंकण्याचें सामर्थ्य हातीं असतां घरच्या माणसाशीं समेट करण्यांत त्यानें कमीपणा मानला नाहीं. वडिलांनीं मिळविलेलें घर, शेत, दुकान किंवा नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या वांट्यास येईल. तें वांटून घेणें सोपें आहे. तें मिळविणाऱ्याची योग्यता अंगीं आणणें हें मात्र प्रत्येकास स्वतःच्या श्रमानेंच साधावें लागतें.